रोगी ‘आढ्य’ असावा : वैयक्तिक आरोग्यविमा निवडताना वैद्याने व औषधविक्रेत्याने काय पाहावे?

चिकित्सेचे चार पाद आपण सर्वांनी प्रथम वर्षातच पाठ केलेले आहेत. रोगी या पादाचे गुण सांगताना चरकाचार्यांनी स्मृती, निर्देशकारित्व, अभीरुत्व आणि ज्ञापकत्व हे चार गुण गणले. वाग्भटाचार्यांनी मात्र अष्टांगहृदयात रोग्याच्या गुणांची सुरुवातच ‘आढ्य’ या शब्दाने केली. आढ्य म्हणजे धनसंपन्न. विद्यार्थिदशेत हा शब्द मला किंचित खटकत असे. वीस वर्षांच्या व्यवसायानंतर तो खटकत नाही. द्रव्य उत्तम, उपस्थाता कुशल, भिषक् जागरूक, आणि तरीही सातव्या दिवशी नातेवाईक हळूच विचारतात, “डॉक्टर, उद्या घरी नेले तर चालेल का?” तेव्हा कोणता पाद लंगडा आहे हे वेगळे सांगावे लागत नाही. आजच्या मध्यमवर्गीयाचे आढ्यत्व बव्हंशी विम्याच्या कागदावर उभे आहे, म्हणून हा विषय आपल्या त्रैमासिकात अस्थानी ठरू नये.

प्रथम आपला स्वतःचा विचार करू. नोकरदाराला कंपनीचा सामूहिक विमा असतो. वैद्याला आणि औषधाच्या दुकानदाराला तो नसतो. आमच्या घरी तर दोन्ही व्यवसाय आहेत. मी सातारा जिल्ह्यात आठ खाटांचे आयुर्वेद रुग्णालय चालवते आणि यजमानांचे औषधांचे दुकान आहे. आम्ही २०१६ मध्ये चौघांसाठी पाच लाखांची पॉलिसी घेतली तेव्हा वार्षिक हप्ता चौदा हजारांच्या आत होता. २०२४ मध्ये तोच एकतीस हजारांच्या वर गेला. वय एका गटातून दुसऱ्या गटात गेले की हप्ता उडी घेतो, आणि रुग्णालयांचे दर वाढले म्हणून मधल्या काळातही वाढतो. दोन बाबतींत मात्र अलीकडे दिलासा मिळाला आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक व कौटुंबिक आरोग्यविम्याच्या हप्त्यावरील १८ टक्के जीएसटी रद्द झाला. तसेच विमा नियामक प्राधिकरणाने जानेवारी २०२५ मध्ये असे निर्देश दिले की, साठ वर्षांवरील विमाधारकांचा हप्ता वर्षाला दहा टक्क्यांहून अधिक वाढवायचा असल्यास कंपनीने आधी प्राधिकरणाशी विचारविनिमय करावा. सत्तरी ओलांडलेल्यांना उत्पन्नाची अट न ठेवता ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान भारत योजनेत पाच लाखांचे संरक्षण मिळते, हेही आपल्या वृद्ध रुग्णांना आवर्जून सांगावे. अनेकांना ते ठाऊक नसते.

पॉलिसी निवडताना बहुतेक जण हप्ता आणि विमा रक्कम एवढेच दोन आकडे पाहतात. तिसरा आकडा, म्हणजे खोलीभाड्याची मर्यादा, कोणी पाहत नाही, आणि खरा घात तेथेच होतो. समजा विमा तीन लाखांचा आहे आणि खोलीभाडे एक टक्का, म्हणजे दिवसाला तीन हजार मान्य आहे. रुग्ण सहा हजारांच्या खोलीत पाच दिवस राहिला. बिल दोन लाख झाले : खोली तीस हजार, शल्यचिकित्सक, शुश्रूषा व शस्त्रक्रियागृह मिळून एक लाख वीस हजार, औषधे व तपासण्या पन्नास हजार. रुग्ण समजतो की खोलीचे जास्तीचे पंधरा हजार आपल्याला भरावे लागतील. प्रत्यक्षात खोली दुप्पट दराची म्हणून संलग्न वैद्यकीय खर्चही त्याच प्रमाणात निम्मा होतो. औषधे व तपासण्यांना ही कपात लागत नाही. म्हणजे कंपनी पंधरा, साठ आणि पन्नास मिळून सव्वा लाख देणार आणि पंचाहत्तर हजार खिशातून जाणार. म्हणून खोलीभाड्याची मर्यादा नसलेली पॉलिसी थोडी महाग पडली तरी घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. तेवढा हप्ता झेपत नसेल तर निदान मर्यादा काय आहे ते एका कागदावर लिहून घरातील सर्वांना माहीत करून द्यावी. दाखल होण्याच्या धांदलीत खोली निवडणारा मनुष्य बहुधा विमा घेणारा नसतो.

विमा रक्कम वाढविण्यासाठी मूळ पॉलिसी दुप्पट करण्यापेक्षा सुपर टॉप-अप स्वस्त पडतो. मात्र साधा टॉप-अप आणि सुपर टॉप-अप यांत गल्लत करू नये. वर्षात एकदा तीन लाखांचे व एकदा चार लाखांचे असे दोन खर्च आले आणि मूळ विमा पाच लाखांचा असेल, तर पाच लाखांच्या उंबरठ्याचा साधा टॉप-अप काहीच देणार नाही, कारण कोणताही एक खर्च पाच लाखांवर गेलेला नाही. सुपर टॉप-अप वर्षाची बेरीज धरतो, म्हणून उरलेले दोन लाख देतो.

आता पूर्वव्याधीविषयी. येथे थोडे सविस्तर लिहिणे आवश्यक वाटते. आमची पॉलिसी घेताना यजमानांना रक्तदाबाची गोळी सुरू होऊन वर्ष झाले होते. एजंट म्हणाला, “वहिनी, हे लिहू नका, उगाच हप्ता वाढेल.” आम्ही लिहिले. हप्ता वाढला, आणि त्या वेळच्या नियमाप्रमाणे चार वर्षांची प्रतीक्षा लागली. २०२२ मध्ये यजमानांची अँजिओप्लास्टी झाली तेव्हा कंपनीने जुन्या चिठ्ठ्या मागविल्या, दोन वेळा शंका काढल्या, आणि अखेर दावा मंजूर केला. प्रस्तावपत्रात रक्तदाबाची नोंद नसती तर काय झाले असते, याचा विचार मी त्या रात्री अतिदक्षता विभागाबाहेर बसून केला आहे. आता १ एप्रिल २०२४ पासूनच्या नियमांनुसार पूर्वव्याधीची प्रतीक्षा जास्तीत जास्त तीन वर्षांची आहे, आणि सलग साठ महिने पॉलिसी चालू राहिल्यावर सिद्ध झालेल्या फसवणुकीखेरीज अन्य माहिती दडविल्याच्या कारणाने दावा नाकारता येत नाही. म्हणून पॉलिसी खंडित होऊ देऊ नये. वार्षिक हप्त्याला तीस दिवसांची सवलत असते, पण तिच्यावर विसंबू नये. कंपनी बदलायची असल्यास प्रतीक्षेचा पूर्ण झालेला काळ नव्या कंपनीकडे सोबत नेता येतो. त्यासाठी अर्ज मात्र नूतनीकरणाच्या दीड-दोन महिने आधीच करावा.

याच संदर्भात आपल्या लेखणीचा एक दोष सांगितला पाहिजे. रुग्ण दाखल होताना आपण इतिहास घेतो आणि ‘प्रमेह, ५ वर्षे’ असे लिहून मोकळे होतो. रुग्णाने ‘चारपाच वर्षे असेल’ असे अंदाजाने सांगितलेले असते. प्रत्यक्षात पहिली रक्ततपासणी दोन वर्षांपूर्वीची निघते. पॉलिसी तीन वर्षांपूर्वीची असेल, तर त्या एका आकड्याने प्रामाणिक मनुष्य लबाड ठरतो. काळ निश्चित विचारावा, पहिला रिपोर्ट पाहावा आणि तोच दिनांक लिहावा. आणि हेही तितकेच स्पष्ट असावे की, रुग्णाने विनवणी केली तरी पाचाचे दोन करू नयेत.

आता आपल्या शास्त्राच्या स्वीकाराकडे वळू. मेडिक्लेम आपल्याकडे १९८६ मध्ये आला, परंतु आयुर्वेदाला त्यात दीर्घकाळ स्थान नव्हते. २०१३ च्या नियमांनी कंपन्यांना आयुष चिकित्सेसाठी संरक्षण देण्याची मुभा दिली. ती शासकीय, शासनमान्य वा मानांकनप्राप्त संस्थांपुरती होती, आणि ‘मुभा’ होती. एप्रिल २०२० मध्ये आलेल्या आरोग्य संजीवनी या प्रमाणित पॉलिसीत आयुष आंतररुग्ण चिकित्सा पूर्ण विमा रकमेपर्यंत समाविष्ट झाली. पुढे ३१ जानेवारी २०२४ च्या परिपत्रकाने प्राधिकरणाने कंपन्यांना सांगितले की, १ एप्रिल २०२४ पासून आयुष चिकित्सेला अन्य चिकित्सेच्या बरोबरीने वागवावे आणि आयुष रुग्णालयांना जाळ्यात घेण्याची पद्धत ठरवावी. कागदावर समानता आली. आपल्या तालुक्यात कॅशलेस देणारे आयुर्वेद रुग्णालय किती, हे मात्र वाचकांनीच मोजून पाहावे.

पॉलिसी घेणाऱ्याने म्हणून तीन गोष्टी विचारून घ्याव्यात. आयुषसाठी वेगळी उपमर्यादा आहे काय? जुन्या पॉलिसींत ती वीस-पंचवीस हजारांची आढळते. चिकित्सा आंतररुग्णच हवी की दिवसभराच्या केंद्रातीलही चालते? आणि आपण जेथे जाणार ते रुग्णालय व्याख्येत बसते काय? ही व्याख्या प्रत्येक रुग्णालयचालकाने मुखोद्गत करावी : शासकीय रुग्णालय, मान्यताप्राप्त महाविद्यालयाचे रुग्णालय, अथवा स्थानिक प्राधिकरणाकडे नोंदलेले, किमान पाच खाटांचे, चोवीस तास अर्हताप्राप्त आयुष वैद्य उपस्थित असलेले, आवश्यक चिकित्साविभाग असलेले आणि रुग्णांच्या दैनंदिन नोंदी ठेवून त्या कंपनीच्या प्रतिनिधीला दाखवू शकणारे रुग्णालय. महाराष्ट्रात नर्सिंग होम नोंदणी नसेल तर पुढचे सर्व व्यर्थ. यांतील शेवटची अट सर्वांत सोपी वाटते. माझ्या हातून चुकली ती तीच.

२०२३ मध्ये अठ्ठावन्न वर्षांच्या एक निवृत्त शिक्षिका गृध्रसीने पीडित होऊन माझ्याकडे दाखल झाल्या. उजवा पाय तीस अंशांपलीकडे उचलता येत नव्हता, आधाराशिवाय स्वच्छतागृहापर्यंत जाता येत नव्हते. स्नेहन, स्वेदन, कटिबस्ती आणि निरूह-अनुवासनाचा क्रम नऊ दिवस दिला. जाताना पाय सत्तर अंशांपर्यंत उचलला जात होता आणि त्या स्वतः जिना उतरल्या. बिल ३८,४०० रुपये झाले. डिस्चार्ज कार्डावर मी लिहिले होते : “पंचकर्म चिकित्सेसाठी दाखल. उपशय मिळाला.” दावा फेटाळला गेला. कारण दिले होते की, ही चिकित्सा बाह्यरुग्ण पद्धतीने होऊ शकत होती आणि दाखल करणे मुख्यतः विश्रांती व पुनर्यौवनासाठी होते.

मला प्रथम संताप आला. नंतर मी माझेच कार्ड कंपनीच्या डॉक्टरच्या नजरेने वाचले. त्यावर व्याधीचे नाव दुसऱ्या ओळीत होते, दाखल करण्याचे कारण नव्हते, पाय किती अंश उचलला जातो ते नव्हते, एमआरआयचा उल्लेख नव्हता. या सर्व नोंदी होत्या, पण माझ्या खासगी वहीत. पुनर्विचारासाठी पत्र पाठविले तेव्हा उत्तर आले की, या नोंदी मूळ केसपेपरवर नाहीत. पुढे विमा लोकपालांकडे जाता आले असते. मुंबई व पुणे येथे त्यांची कार्यालये आहेत, शुल्क नाही, वकील लागत नाही, आणि कंपनीच्या अंतिम नकारापासून एक वर्षात तक्रार करता येते. मात्र बाई कागदपत्रांना कंटाळल्या होत्या आणि मीही पाठपुरावा केला नाही. वर्ष उलटून गेले. मी माझे चिकित्साशुल्क परत केले. खोलीचे व औषधांचे पैसे त्यांनी मुदतठेव मोडून भरले होते, ते गेले.

तेव्हापासून आमच्या केसपेपरवर प्रथम व्याधीचे आयुर्वेदीय व आधुनिक नाव, त्याखाली घरी चिकित्सा का शक्य नाही याचे दोन ओळींत कारण, आणि रोज सकाळी मोजता येईल असे एक लक्षण लिहिले जाते. ‘पंचकर्मासाठी दाखल’ हा शब्दप्रयोग आम्ही वर्ज्य केला आहे. पंचकर्म हा उपक्रम आहे, व्याधी नव्हे. हे आपल्याला ठाऊक असते, कागद तपासणाऱ्याला नसते. कंपन्यांचा संशय सर्वस्वी निराधार नाही, हेही कबूल केले पाहिजे. ‘विम्यातून मोफत पंचकर्म’ अशी पत्रके वाटणारे आपल्यातच आहेत, आणि त्यांच्या निरोगी ‘रुग्णां’ची किंमत खरे रुग्ण मोजतात.

औषधविक्रेते बांधवांसाठी एक सूचना. आयुर्वेदीय औषधांच्या विक्रीला परवाना लागत नाही म्हणून अनेक दुकानांत बिल साध्या चिठ्ठीवर दिले जाते. विम्याच्या रुग्णाला तसे देऊ नये. रुग्णाचे व वैद्याचे नाव, औषधाचे पूर्ण नाव, बॅच क्रमांक, मुदत आणि दिनांक हे सर्व छापील बिलावर असावे. तसेच वेष्टनावर औषधनिर्मितीचा परवाना आहे की एफएसएसएआयचा क्रमांक आहे, ते पाहावे. दुसऱ्या प्रकारचे उत्पादन कायद्याने अन्न आहे, मग त्यावर अश्वगंधेचे चित्र का असेना. ते औषधांच्या बिलात मिसळले की संपूर्ण बिलाकडे संशयाने पाहिले जाते.

कॅशलेसविषयी थोडेसे. जानेवारी २०२४ मध्ये जनरल इन्शुरन्स कौन्सिलने जाळ्याबाहेरील रुग्णालयांतही कॅशलेस मिळावे अशी योजना सुरू केली; नियोजित दाखल होण्यापूर्वी ४८ तास आधी कंपनीला कळवावे लागते. परंतु ती पंधरा खाटांच्या रुग्णालयांसाठी आहे, म्हणजे आपल्यापैकी बहुतेक बाहेरच. त्यामुळे सध्या तरी आपल्या रुग्णाला आधी पैसे भरून नंतर परतावा मागावा लागणार, हे दाखल करतानाच सांगावे आणि अंदाजपत्रक लेखी द्यावे.

ज्या वैद्यांचे आयुष दावे १ एप्रिल २०२४ नंतर नाकारले गेले आहेत, त्यांनी रुग्णाचे नाव व पॉलिसी क्रमांक झाकून नकारपत्राची आणि डिस्चार्ज कार्डाची प्रत संपादक मंडळाकडे पाठवावी. दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचल्यावर चूक कोणाच्या बाजूची आहे ते बहुधा दिसते. पंधरा-वीस प्रकरणे जमल्यास पुढील अंकात त्यांचे वर्गीकरण करण्याचा मानस आहे. वर उल्लेखिलेले माझे कार्ड त्यात पहिले असेल.