परभक्षी कोळी विकत घेताना: बाटलीची किंमत आणि खरा खर्च

इंग्लंड किंवा नेदरलँड्समध्ये परसातल्या काचघरात वांगी, मिरची, काकडी लावणाऱ्या मराठी घरांना उन्हाळ्यात लाल कोळी हमखास गाठतो. पानांवर आधी फिकट ठिपके पडतात, मग जाळी धरते. औषधांना ही कीड फार लवकर सरावते, म्हणून मी फवारणीपेक्षा फायटोसियूलस पर्सिमिलिस हा परभक्षी कोळी सोडायला सांगेन. तो फक्त लाल कोळीच खातो, तेही अंड्यांसकट.

लहान बाटलीत साधारण २००० कोळी येतात. कीड दिसण्याआधी चौरस मीटरला २, थोडी दिसली की ६ आणि जाळी धरली की २० किंवा त्याहून जास्त, असे प्रमाण सांगितले जाते. समजा बाटली ३० पौंडांना पडली, तर एका वेळचा खर्च चौरस मीटरला अनुक्रमे ३, ९ आणि ३० पेन्स होतो. म्हणजे उशीर केला तर दहापट! बहुतेकदा आठवड्याने पुन्हा सोडावे लागतात, तो खर्च वेगळा.

घरगुती काचघर मात्र जेमतेम सात-आठ चौरस मीटरचे असते. तिथे जाळी धरली असली तरी दीडशेच कोळी पुरतात आणि उरलेले फार दिवस साठवून ठेवता येत नाहीत. त्यामुळे अलॉटमेंटवरच्या शेजाऱ्यांशी आधी ठरवून एकच बाटली मागवा आणि ती आली त्याच दिवशी वाटून घ्या. कुरियरचा खर्चही वाटला जाईल, आणि छोट्या खरेदीत तोच जड जातो.

आता जो प्रश्न फारसे कोणी विचारत नाही, तो. बाटलीतल्या कोळ्यांचे मूळ कुठले? पर्सिमिलिस १९५८ साली जर्मनीत चिलीहून आलेल्या ऑर्किडवर सापडला आणि तिथून युरोपभर वाढवला गेला. मोजक्या जिवांपासून सुरू झालेली वसाहत बंद खोलीत, ठरावीक तापमानात पिढ्यान्‌पिढ्या वाढली, की तिच्यातली जनुकीय विविधता घटण्याचा धोका असतो. फुलकिडे आणि पांढरी माशी खाणाऱ्या अँब्लिसियस स्विर्स्की या दुसऱ्या कोळ्यात हे तपासले गेले आहे. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात विक्रीच्या कोळ्यांतली विविधता इस्रायलमधल्या रानातल्या कोळ्यांपेक्षा कमी आढळली. विविधता कमी म्हणजे माल वाईट, असे लगेच म्हणता येत नाही. पण कोरडी हवा किंवा उष्णतेची लाट आली, तर निभावून नेणारे जीव त्या गर्दीत असण्याची शक्यता कमी होते. शिवाय चांगला वाण निवडायलाही विविधताच लागते. कॅलिफोर्नियात मार्जोरी हॉय यांनी बदामाच्या बागांसाठी कीटकनाशक सोसणारे परभक्षी कोळी निवडून वाढवले, ते मूळ साठ्यात तशी जनुके होती म्हणूनच.

तेव्हा विक्रेत्याला लेखी विचारा: मूळ वसाहत कुठली, तिच्यात बाहेरचे कोळी शेवटचे कधी मिसळले, अंडी घालण्याची चाचणी होते का? दुकानदाराला ठाऊक नसेल तर उत्पादकाला विचारा. नीट उत्तर देणाऱ्याला मी चार पौंड जास्त देईन.

बाटली आडवी, ८ ते १० अंश तापमानात ठेवा आणि एक-दोन दिवसांत वापरा. बाटलीत कोळ्यांसोबत असतो त्यातला थोडा भुसा पांढऱ्या कागदावर ओतून भिंगाने पाहा. हालचाल नगण्य असेल तर त्याच दिवशी व्हिडिओ काढून पैसे परत मागा. हवेत आर्द्रता ६० टक्क्यांच्या वर राहू द्या, नाहीतर परभक्षी कोळ्यांची अंडी सुकतात.

आणि तळेगावच्या पॉलिहाऊसवाल्या भावासाठी ही बाटली बॅगेत घालून नेऊ नका. भारतात जिवंत परभक्षी आणायला सरकारी आयात परवाना लागतो. तिथे निओसियूलस लाँगिस्पिनोसस हा देशी कोळी आहे, त्याची चौकशी कृषी विद्यापीठाच्या कीटकशास्त्र विभागात करायला सांगा.