सायकलचे मागचे चाक: काढणे व बसवणे

१९४१-४२ मध्ये मलायात जपानी सैनिक सायकलींवरून पुढे सरकले. टायर फुटले की ते नुसत्या रिमवर सायकल हाकत. आपण मात्र चाक काढायला शिकू. सायकल साधी, बिनगिअरची आणि चाकाची खाच मागे उघडणारी आहे असे धरू.

काढणे : सायकल सीट व हँडलवर उलटी ठेवा. मागचा ब्रेक सोडवा. नेमक्या मापाच्या पान्याने दोन्ही नट ढिले करा. पक्कड नको, नटाच्या कडा झिजतात. स्टँड, मडगार्डच्या सळ्या, वॉशर निघतील त्याच क्रमाने मांडा. चाक पुढे ढकलून चेन फ्रीव्हीलवरून उतरवा आणि चाक मागे काढा.

बसवणे : क्रम उलटा. चेन चढवून चाक मागे ओढा. मधोमध दाबल्यावर चेन सुमारे अर्धा इंच हलावी. सैल चेन उतरते, ताठ चेनने पेडल जड होते. चाक फ्रेमच्या दोन्ही दांड्यांच्या बरोबर मध्ये आणून नट आलटून पालटून आवळा. एकच बाजू आधी आवळल्यास चाक तिरके होते.

शेवटी ब्रेक जोडा, पेडल फिरवून तो दाबून पाहा. ही तपासणी गेटच्या आतच करा. होसूर रोडच्या रहदारीत ब्रेक लागला नाही, तर दुसरी संधी मिळत नाही.