पापाची खूण : हॉथॉर्न आणि आरंभकालीन मराठी कादंबरी

अमेरिकन कथात्म साहित्याच्या आरंभकाळात पाप, अपराधभाव आणि मानवी मनातील काळोख ही आशयसूत्रे प्रबळ होती. चार्ल्स ब्रॉकडन ब्राऊनची ‘वीलंड’ (१७९८), एडगर ॲलन पोची ‘द टेल-टेल हार्ट’ ही कथा (१८४३) आणि नॅथॅनिएल हॉथॉर्नची ‘द स्कार्लेट लेटर’ (१८५०) ही त्याची ठळक उदाहरणे होत. हॉथॉर्नच्या कादंबरीनंतर अवघ्या सात वर्षांनी बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ (१८५७) प्रसिद्ध झाली. या दोहोंत प्रभावाचे नाते शोधणे प्रस्तुत लेखाला अभिप्रेत नाही. ‘पाप कोणाचे आणि त्याची खूण कोणाच्या अंगावर?’ हा प्रश्न दोन्ही भाषांतील कादंबरीने कसा हाताळला, एवढाच विचार येथे करावयाचा आहे.

हॉथॉर्नचा एक पूर्वज १६९२ च्या सेलम येथील चेटूक-खटल्यांत न्यायाधीश होता. पूर्वजांच्या पापाची ही जाणीव त्याच्या लेखनामागे सतत वावरते. ‘द स्कार्लेट लेटर’मध्ये सतराव्या शतकातील बॉस्टनचा प्युरिटन समाज हेस्टर प्रिनच्या छातीवर व्यभिचाराची लाल अक्षरखूण लावतो. तिचा सहअपराधी धर्मोपदेशक डिम्सडेल मात्र सात वर्षे मौन पाळतो आणि आतून झिजत जातो. उघड खूण वागविणारी हेस्टर हळूहळू खंबीर होते. ज्याचे पाप झाकलेले आहे, तो खचतो. अपराधभाव हा येथे कायद्याचा विषय न राहता मनाच्या अंतर्गत व्यापाराचा विषय होतो.

मराठीत या लाल अक्षराची जागा केशवपनाने घेतलेली दिसते. तथापि भेद मूलगामी आहे. हेस्टरची खूण तिच्या कृतीबद्दल आहे. विधवेची खूण कोणत्याही कृतीबद्दल नाही. वैधव्य हेच पूर्वजन्मीच्या पापाचे फळ मानले गेल्याने आरोप आधी आणि अपराध नंतर, अशी उफराटी स्थिती निर्माण होते. विधवांच्या स्थितीचे निरूपण करण्यासाठी पदमनजींनी कादंबरी लिहिली, ती विधवाविवाहाचा कायदा (१८५६) संमत झाल्यानंतरच्या वर्षी. पतीसह प्रवास करताना यमुनेला विधवांची दुःखे दिसतात; पुढे ती स्वतः विधवा होते, ख्रिस्ती धर्म स्वीकारते आणि पुनर्विवाह करते. पाप व्यक्तीच्या ठायी नसून रूढीच्या ठायी आहे, हे या रचनेचे सूत्र होय. हरि नारायण आपट्यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो’ या कादंबरीतही नायिका यमूच आहे. तिच्यावर बळजबरीने केशवपन लादले जाते आणि ती आपली कहाणी स्वतःच सांगते. शीर्षकातील प्रश्न पापिणीला नव्हे, समाजाला विचारलेला आहे.

येथेच आरंभकालीन मराठी कादंबरीचे सामर्थ्य व मर्यादा एकत्र आढळतात. निरपराध स्त्रीची बाजू मांडण्याचे काम तिला तातडीचे वाटले, आणि ते योग्यच होते. परंतु त्यामुळे खऱ्या अपराध्याच्या मनात ती शिरली नाही. आपट्यांचे शंकरमामंजी दुष्ट म्हणून ठसतात. त्यांना रात्री झोप लागते की नाही, हे वाचकाला कळत नाही. मराठी कादंबरीला डिम्सडेल मिळाला नाही.

अपराधी स्वतःच निवेदक होण्याची एक वेगळी, सौम्य वाट खानदेशाशी निगडित असलेल्या लेखकाने दाखविली. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक असलेल्या साने गुरुजींनी १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांची गीता-प्रवचने उतरवून घेतली, आणि १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिली. श्यामचे अपराध लहान मुलाचे आहेत. पण तो ते झाकत नाही, रात्रीमागून रात्र मित्रांसमोर सांगतो. डिम्सडेल कबुली देताच मरण पावतो. श्यामची कबुली मात्र ऐकणाऱ्यांना जवळ आणते. हा फरक केवळ दोन लेखकांच्या प्रकृतीचा नाही. एका परंपरेत पाप मानवी स्वभावातच मुरलेले मानले आहे, तर दुसऱ्या परंपरेत ते प्रेमाने धुतले जाऊ शकते, अशी श्रद्धा आहे. मराठी कादंबरीतील अपराधभावाचा अभ्यास या श्रद्धेच्या बळाबरोबरच तिने झाकलेल्या काळोखाचीही दखल घेऊन व्हावयास हवा.