‘अलोन’, ‘लोनली’ आणि आपली ‘एकटी’

ग्वाल्हेरच्या नया बाजारात मी मराठी घरांतल्या मुलांना इंग्रजी शिकवतो. ‘अलोन’ आणि ‘लोनली’ हे शब्द आले की मी अजून सांभाळून बोलतो, कारण तिथे मी स्वतःच चुकलो आहे.

शेजारच्या काकूंची नात परदेशात वाढलेली, तिला मराठी वाचता येत नाही. काकू सांगत आणि मी इंग्रजीत पत्र लिहीत असे. एकदा त्या म्हणाल्या, “लिही, आता मी घरात एकटीच असते.” मी ‘लोनली’ लिहून मोकळा झालो. पत्र पोहोचताच मुलाचा फोन आला, घर बंद करू, मी न्यायला येतो. काकू माझ्यावरच उखडल्या. “एकटी म्हटलं होतं रे मी! करमत नाही असं कुठं म्हटलं?” तो एक शब्द मागे घ्यायला मला पुढच्या पत्रात दोन पानं लागली.

‘अलोन’ म्हणजे मुळात ‘ऑल’ अधिक ‘वन’, सगळं मिळून एकच. ती मोजणी झाली. त्याचंच पहिलं अक्षर गळून ‘लोन’ झाला आणि त्यावरून ‘लोनली’. शब्द एकाच घरातले, पण धाकट्याने मनाची बाजू धरली. भर बाजारात, चारचौघांत माणूस ‘लोनली’ असू शकतो, ‘अलोन’ नसतो.

मराठीत हा भेद बहुधा क्रियापद सांभाळतं : एकटी असते, एकटं वाटतं. आमची मुलं दिवसभर हिंदी बोलतात, आणि तिथेही ‘अकेला’ दोन्हीकडे चालतो. म्हणून ती इंग्रजीत हाताला लागेल तो शब्द उचलतात. शिवाय ‘एकटी बाई’ असं आपण सहज म्हणतो, इंग्रजीत मात्र ‘अलोन’ नामाच्या आधी बसत नाही. ‘लोनली’ बसतो, पण मग अर्थ बदलतो. बाई नुसती एकटी राहत असेल तर ‘जी एकटी राहते’ अशी वाक्याची मोडणी करावी लागते.

‘लोनली’ला ‘एकाकी’ हा प्रतिशब्द कोशात ठीक आहे. पण ‘एकाकी झुंज’ म्हणताना आपल्या मनात उदासी नसते, सोबतीला कोणी नाही एवढंच असतं. आणि ‘लोनली’ रस्ता म्हणजे आपला निर्जन रस्ता. त्याला कसली हुरहूर!

वर्गात मी आता भाषांतराला एकच वाक्य देतो : काकू एकट्या असतात, पण त्यांना एकटं वाटत नाही. गेल्या आठवड्यात एका मुलीने दोन्ही ठिकाणी ‘लोनली’ लिहिलं, आणि वाचून दाखवताना स्वतःच थांबली.