गेलेले पैसे आणि सांगायची वेळ

पूर्वी पोरे विटीदांडू खेळत. दांडू हरवला तर बाभळीचा दुसरा तोडून आणीत. खर्च काही नसे. आता पोरांचा खेळ मोबाइलात आला आहे. त्या खेळात प्रत्येक पोराचे एक खाते असते. खात्याला एक नाव असते आणि एक गुप्त शब्द असतो. त्याला पासवर्ड म्हणतात. खेळात हिरे मिळतात, कपडे मिळतात, हत्यारे मिळतात. ती विकत घ्यावी लागतात. हिरे खोटे, पण त्यांना पडणारे पैसे खरे असतात.

पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर केंद्र सरकारने २०२५ साली कायदा करून बंदी घातली. मी सांगतो तो खेळ तसला नव्हे. तो साधा लढाईचा खेळ होता.

आमच्या रात्रीच्या वर्गात एक ताई येतात. गेल्या वर्षापर्यंत त्या अंगठा उठवीत. आता सही करतात, आकडे वाचतात, जोडाक्षरापाशी थोड्या अडतात. त्यांनी दोन शेळ्या विकल्या आणि ते पैसे बँकेत ठेवले. खतासाठी ठेवले होते. बँकेचे कार्ड डब्यात, आणि मोबाइल बहुतेक वेळ पोराच्या हातात. पोरगा चौदा वर्षांचा.

एका शनिवारी पोराला खेळातच एक निरोप आला. "फुकट हिरे पाहिजेत? इथे नाव आणि पासवर्ड लिही." पोराने लिहिले. पाच मिनिटांत त्याचे खाते त्याला उघडेना. चोराने पासवर्ड बदलला होता. यालाच खाते हॅक झाले असे म्हणतात. चोराने कुलूप बदलले, एवढाच त्याचा अर्थ.

मग फोन आला. "मी खेळाच्या कंपनीतून बोलतोय. तुझं खातं परत देतो. घरात कुणाचं बँकेचं कार्ड आहे का? त्यावरचा नंबर सांग. आता मोबाइलवर एक आकडा येईल, तोही सांग."

तो आकडा म्हणजे ओटीपी. एका व्यवहारापुरती दिलेली ती किल्ली असते. पोराने तीन वेळा किल्ली दिली. २,०००, २,००० आणि १,५०० असे एकूण ५,५०० रुपये गेले. त्या पैशांतून चोराने हिरे घेतले.

पोरगा घाबरला. आई मारील म्हणून त्याने बँकेचे संदेश पुसून टाकले. रविवारभर गप्प राहिला. भाकरीही नीट खाल्ली नाही म्हणे. सोमवारी सकाळी त्याने मनाशी ठरवले, आईला कळायच्या आत आपणच पैसे परत आणू. त्याने मोबाइलवर शोध घेऊन "पैसे परत मिळवा" असा एक नंबर काढला आणि फोन लावला. तिकडचा माणूस फार गोड बोलला. "पैसे परत पाठवतो. कार्डाचा नंबर सांग, आलेला आकडा सांग." हा दुसरा चोर होता. आणखी ४,००० रुपये गेले.

पण या वेळी मोबाइल वाजला तेव्हा ताई जवळच उभ्या होत्या. संदेश इंग्रजीत होता. अक्षरे त्यांना कळली नाहीत, पण ४००० हा आकडा कळला. त्या पोराला दंडाला धरून माझ्याकडे घेऊन आल्या.

"गुरुजी, या मेल्यानं माझं खत घालवलं बघा! मारून मारून हात दुखले माझे."

मी म्हटले, "ताई, मार नंतर. आधी फोन. किती वेळ झाला?"

"आत्ताच. चूल पण विझली नाय अजून."

मी घड्याळ पाहिले. पंधरा मिनिटे झाली होती. आम्ही लगेच १९३० हा नंबर फिरवला. मोबाइलवरून किंवा ऑनलाइन कुणी पैसे लुबाडले, तर कळवण्यासाठी सरकारने हा नंबर ठेवला आहे. तिकडून विचारले: नाव काय, बँक कोणती, पैसे किती गेले, कोणत्या वेळी गेले, संदेशात व्यवहाराचा क्रमांक काय आहे. म्हणून बँकेचा संदेश कधी पुसू नये. सोमवारचा संदेश होता म्हणून बरे. शनिवारचे तीन क्रमांक पुढे पासबुक भरून घेतल्यावर मिळाले. तक्रारीचा क्रमांक मोबाइलवर आला, तो ताईंनी आपल्या हाताने वहीत उतरवून घेतला.

१९३० ला एवढी घाई का करायची? चोर पैसे एका जागी ठेवीत नाही. एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात, आणि शेवटी रोख काढतो. पैसे वाटेत आहेत तोवर पुढची बँक ते अडवून धरू शकते. एकदा रोख निघाली की धरायचे काय?

दुसरा फोन बँकेला केला आणि कार्ड बंद करायला सांगितले. बँकेचा नंबर मोबाइलवर शोधायचा नाही. पोरगा तिथेच फसला. पासबुकावर किंवा कार्डाच्या पाठीवर छापलेला असतो, तोच घ्यायचा.

मग शाखेत गेलो. तिथला कारकून म्हणाला, "ओटीपी तुम्हीच दिला, आता बँक काय करणार?" त्याचे बोलणे अर्धे खरे होते. अर्धे मला ठाऊक होते, कारण नियम मी वाचला होता. तो तुम्हीही नीट समजून घ्या.

रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ रोजी हा नियम काढला. त्यात म्हटले आहे की, चूक ना तुमची ना बँकेची, तिसऱ्याच कुणी पैसे काढले, आणि तुम्ही तीन कामाच्या दिवसांत बँकेला कळवले, तर तुमचे नुकसान शून्य. सगळे पैसे बँकेने द्यायचे. संदेश आला तो दिवस धरायचा नाही. मंगळवारी संदेश आला तर बुधवार पहिला, गुरुवार दुसरा, शुक्रवार तिसरा. मध्ये बँकेची सुटी आली तर तो दिवस वगळायचा. चार ते सात दिवसांत कळवले तर थोडा भार तुमच्यावर येतो. साध्या बचत खात्याला तो जास्तीत जास्त १०,००० रुपये, आणि शून्य शिलकीच्या मूळ बचत खात्याला ५,००० रुपये. गेलेली रक्कम याहून कमी असेल तर तेवढाच भार. सात दिवसांनंतर मात्र बँकेचे आपले धोरण असेल तसे. चूक बँकेचीच असेल, तर तुम्ही कधीही कळवा, भार बँकेचा.

आणि चूक तुमची असेल तर? म्हणजे ओटीपी सांगितला, पिन सांगितला? तर बँकेला कळवीपर्यंत गेलेले पैसे तुमचे गेले. पण कळवल्यानंतर जे जाईल, ते बँकेच्या अंगावर. म्हणून कळवल्याची वेळ कागदावर हवी. चूक तुमची होती हे सिद्ध करायचे कामही बँकेचे आहे, तुमचे नव्हे. तुमचा भार नसेल तिथे बँकेने कळवल्यापासून दहा कामाच्या दिवसांत रक्कम खात्यात जमा दाखवायची, आणि नव्वद दिवसांत तक्रारीचा निकाल लावायचा.

शनिवारी रात्रीच पोरगा बोलला असता, तर कार्ड तेव्हाच बंद झाले असते. सोमवारचे चार हजार गेलेच नसते. हे मी ताईंना सांगितले तेव्हा त्या पोराकडे बघत राहिल्या. "माझ्या माराला भ्यालास होय रे?" एवढेच म्हणाल्या. पोरगा काही बोलला नाही.

तोंडी तक्रारीवर भागत नाही. अर्ज दोन प्रतींत लिहावा आणि एका प्रतीवर शिक्का, सही व तारीख घ्यावी. त्याला पोच म्हणतात. पोच दिल्याशिवाय उठायचे नाही. ताईंनी लिहिलेला अर्ज असा:

"माननीय शाखाधिकारी यांस. माझ्या खात्यातून शनिवारी ५,५०० रुपये आणि आज सोमवारी ४,००० रुपये फसवणुकीने गेले आहेत. ही खरेदी मी केलेली नाही. आज सकाळी फोन करून कार्ड बंद करवले आहे. १९३० ला तक्रार केली आहे, तिचा क्रमांक सोबत लिहिला आहे. व्यवहारांची चौकशी करून पैसे परत मिळावेत व मला लेखी उत्तर द्यावे."

खाली सही. "चौकशी" लिहिताना त्या दोनदा खोडल्या. खोडले तरी अर्ज चालतो.

बँकेने तीस दिवसांत उत्तर दिले नाही, किंवा दिलेले पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे दाद मागता येते. त्याला फी पडत नाही, वकील लागत नाही. पोच मात्र लागते.

खेळाच्या कंपनीला वेगळे कळवावे लागते. बँक ती आणि कंपनी ती, एकीला सांगितले म्हणजे दुसरीला कळले असे होत नाही. खेळाच्या आतच मदतीचे पान असते. खाते आपलेच हे पटवायला खात्याचा क्रमांक, ते कधी उघडले, पूर्वी केलेल्या खरेदीच्या पावत्या, असे द्यावे लागते. खरेदी गूगलच्या प्ले दुकानातून झाली असेल आणि ती आपण केलेली नसेल, तर तिथे १२० दिवसांच्या आत तक्रार करायची असते. पण त्या दिवसांचा भरवसा धरून बसू नये. हिरे एकदा खर्चले गेले की कंपनी हात वर करते.

ताईंच्या पैशांचे काय झाले ते सांगतो. सोमवारचे ४,००० चोराच्या मोबाइल पाकिटात अडकले होते, ते तिथेच थांबवले गेले. हाती यायला तीन महिने लागले आणि पोलीस ठाण्याच्या चार खेपा झाल्या. अशी अडवलेली रक्कम सोडवायला कधी कधी कोर्टाचा हुकूमही लागतो. शनिवारच्या रकमेतले १,५०० रुपये खेळाच्या कंपनीने परत केले, कारण त्या खरेदीतले हिरे चोराने अजून वापरले नव्हते. राहिलेले ४,००० बुडाले. ओटीपी दिला होता म्हणून बँकेने ते नाकारले, आणि नियमाप्रमाणे ते बरोबरच होते. त्या हंगामात ताईंनी खत उधारीवर आणले.

पोराला खेळाचे खातेही परत मिळाले. आता त्याचा पासवर्ड नवा आहे, आणि कार्ड ताईंच्या बटव्यात असते. अर्जाची पोच त्यांनी पासबुकात घडी करून ठेवली आहे. मागल्या आठवड्यात वाडीवरची एक बाई वही-पेन्सिल घेऊन तो अर्ज उतरवून घ्यायला त्यांच्याकडे आली होती. तिचे १,२०० गेले होते, आदल्याच रात्री.