रंग उतरतो, भूमिका उतरत नाही

शिमग्यात नमन-खेळे आणि गणपतीत हौशी नाटक ही पोफळीकडची जुनी आवड. रात्रभर रावण रंगवणारा गडी सकाळी तोंड धुऊन कामावर जातो. मात्र क्वचित एखाद्याचा रंग उतरतो, पण भूमिका उतरत नाही. मग घरचे म्हणतात, ‘ह्याच्या अंगात आलंय.’ या समजुतीपायी उपचाराला उशीर होतो, म्हणून आजचा हा विषय.

रहस्यमय श्रुतिका आणि चित्रपट हा प्रकार भडक करून दाखवतात. १९४७ च्या ‘अ डबल लाइफ’ या चित्रपटात ऑथेल्लो करणारा नट रंगमंचाबाहेरही संशयाने पेटतो व खून करतो. (ऑथेल्लो म्हणजे आपल्याकडे देवलांचा ‘झुंझारराव’.) प्रत्यक्षातला त्रास बहुधा असा नसतो. तो मुका असतो.

याचे उत्तम उदाहरण म्हणजे दिलीपकुमार. बालपणी काही वर्षे देवळालीत राहिलेला हा नट ‘मेला’ (१९४८), ‘जोगन’ (१९५०), ‘दीदार’ (१९५१) अशा दुःखी भूमिका करीत राहिला. ती उदासी घरीही येऊ लागली. त्यांनी लंडनमध्ये मानसोपचारतज्ज्ञांचा सल्ला घेतला. हलक्याफुलक्या भूमिका करा, असे त्यांना सांगण्यात आले. मग ‘आझाद’ (१९५५) आला. हे त्यांनी स्वतःच मोकळेपणाने सांगितले. त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही.

असे का होते?

नाटकातले दुःख खोटे असले तरी शरीर ते बरेचसे खरे मानते. छाती धडधडते, श्वास वाढतो, घाम फुटतो. कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठाच्या २०१९ मधील अभ्यासात नटांनी रोमिओ किंवा ज्युलिएट बनून उत्तरे दिली, तेव्हा मेंदूच्या पुढच्या भागातील ‘मी’पणाशी संबंधित जागांचे काम मंदावलेले दिसले. म्हणजे भूमिकेत शिरणे हा आजार नव्हे. पण त्यात तालमींची जागरणे, दारू किंवा घरची चिंता यांची भर पडली, तर मन लवकर थकते.

काय करावे?

१) प्रयोग संपताच रंग, कपडे उतरवावेत. सहकाऱ्यांनी नटाला त्याच्या खऱ्या नावानेच हाक मारावी.
२) थोडे चालावे, पाणी प्यावे, जेवून झोपावे. ताण घालवायला दारू नको.
३) लागोपाठ दुःखी किंवा क्रूर भूमिका घेऊ नयेत.

डॉक्टरांकडे केव्हा जावे?

झोप-भूक उडणे, कामात लक्ष न लागणे, उदासी किंवा चिडचीड दोन आठवडे टिकली तर थांबू नये. कानात आवाज येणे, आपण खरोखरच ते पात्र आहोत असे वाटणे, मरणाचे किंवा कोणाला मारण्याचे बोलणे, यांपैकी काहीही दिसले तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा व रुग्णाला एकटे सोडू नये. देवाला नारळ जरूर ठेवा, पण उपचार थांबवू नका.

रत्नागिरीत प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. टेली-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर फोनवरून मोफत सल्ला मिळतो. नाटक सोडण्याची गरज सहसा पडत नाही, वेळेवर बोलण्याची मात्र असते.