वारा फिरला की खेळ फिरतो

२०१० साली स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजच्या ओल्ड कोर्सवर गोल्फच्या ब्रिटिश ओपनच्या पहिल्या दिवशी रोरी मॅकिलरॉयने ६३ फटक्यांत फेरी संपवली. दुसऱ्या दिवशी त्याच मैदानावर त्याला ८० फटके लागले. खेळाडू तोच, होल तेच. बदलला होता वारा. तो इतका पिसाटला की मध्ये तासाभराहून जास्त वेळ खेळ थांबवावा लागला. एकवीस वर्षांच्या मॅकिलरॉयने पुढचे दोन दिवस जिद्दीने खेळून संयुक्त तिसरा क्रमांक मिळवला, पण विजेता लुई ऊस्टहाइझेन त्याच्या आठ फटके पुढे होता.

ओल्ड कोर्ससारख्या समुद्राकाठच्या लिंक्स मैदानांवर वाळूच्या टेकड्या, आखूड गवत आणि कडक जमीन असते. झाड औषधालाही सापडत नाही. पुण्या-मुंबईच्या झाडीत शिकलेल्या खेळाडूला आडोशाची सवय असते. तो आडोसा इथे नाही.

ओल्ड कोर्सची रचनाही आधी नकाशावर बघून घ्यावी. सुरुवातीचे होल गावापासून दूर जातात, एडन नदीच्या खाडीपाशी वळसा घेतात आणि उरलेले परत गावाकडे येतात. जाताना पाठीवर असलेला वारा येताना छातीवर बसतो. त्यात भरती-ओहोटी पालटली की वाराही पालटतो, असं तिथले कॅडी सांगतात. म्हणून हवामानाच्या अंदाजात तापमानापेक्षा वाऱ्याचा वेग आणि दिशा बघावी, सोबत भरतीची वेळही. दिवसा समुद्रावरून येणारे खारे वारे कोकणातल्या माणसाला नवे नाहीत. पण उत्तर समुद्राचं पाणी उन्हाळ्यातही गार असतं आणि त्यावरून धुकं असं अचानक चालून येतं की उन्हात खेळ सुरू केलेल्याला ग्रीनवरचा झेंडा दिसेनासा होतो.

आमच्या चौकडीतल्या एका पुणेकर मित्राला जाताना वाऱ्याने भरपूर साथ दिली. खाडीपाशी वळलो आणि तोच वारा समोर आला. बाराव्या होलपासून तो प्रत्येक चेंडू जीव खाऊन मारू लागला. चेंडू वर चढायचा, क्षणभर हवेत अडायचा आणि निम्म्या वाटेवर कोसळायचा. जोर लावला की चेंडूला उलटी फिरकी जास्त मिळते, तिने तो आणखी उंच उठतो, आणि उंचावर वारा अधिक असतो. कॅडीने उपाय सांगितला: सात नंबरच्या आयर्नचं अंतर असेल तिथे पाच नंबर घ्या, पकड जरा खाली सरकवा, चेंडू मागच्या पायाच्या बाजूला घ्या आणि पाऊण ताकदीने फिरवा. दोन होल चाचपडण्यात गेले, मग चेंडू खाली राहून कडक जमिनीवर लांब धावू लागला. तिकडे निघालेल्या प्रत्येकाला हा फटका घरच्या मैदानावर घोटून जायला मी आवर्जून सांगतो.

आकड्यांचा हट्टही घरी ठेवून जावा. २००२ साली मास्टर्स आणि यूएस ओपन जिंकून ब्रिटिश ओपनसाठी मुइरफील्डला आलेल्या टायगर वूड्सला शनिवारच्या वादळी पावसात ८१ फटके लागले. व्यावसायिक म्हणून तोवरची ही त्याची सर्वांत वाईट फेरी. त्याच दिवशी अर्नी एल्सने ७२ वर निभावलं आणि रविवारी प्लेऑफमध्ये अजिंक्यपद घेतलं. अशा हवेत बोगी ही कमाईच समजावी.

सामानात पावसाचे खास हातमोजे हवेतच. चामड्याचा मोजा भिजला की क्लब निसटतो, हे मोजे मात्र ओले झाल्यावर पकड घट्ट धरतात. दोन्ही हातांत घालावेत. कोरडा टॉवेल छत्रीच्या आतल्या काड्यांना अडकवावा. मात्र छत्रीवर भिस्त ठेवू नये, पाणी आत न घेणारं जाकीट आणि पँटच खरी. भिजल्या अंगावर तो वारा बोटं बधिर करतो.

वाऱ्यात ग्रीनवर पाय नेहमीपेक्षा फाकवून उभं राहावं. २०१५ च्या ओपनमध्ये ओल्ड कोर्सवर वाऱ्याने चेंडू ग्रीनवर आपोआप सरकू लागले, शनिवारी दहा तासांहून जास्त वेळ खेळ बंद राहिला आणि स्पर्धा सोमवारी संपली. ग्रीनवरचा चेंडू उचलून परत ठेवल्यावर वाऱ्याने हलला, तर २०१९ पासूनच्या नियमानुसार तो दंडाशिवाय मूळ जागी ठेवायचा असतो.

विजेच्या बाबतीत मात्र कुणाचीही भीड धरू नये. १९७५ साली शिकागोजवळ वेस्टर्न ओपनमध्ये ली ट्रेव्हिनोला विजेचा झटका बसला आणि पुढे पाठीवर शस्त्रक्रिया करावी लागली. वळवाच्या पावसात शेतावर माणसं दगावल्याच्या बातम्या आपण दर उन्हाळ्यात वाचतो, आणि लिंक्सवर तर आसपास सर्वांत उंच असतो तो खेळाडूच. मैदान मुश्किलीने मिळालेलं असतं, पैसे भरलेले असतात, म्हणून लोक रेंगाळतात. कृपा करून रेंगाळू नका. वीज पडण्याची शंका आली तर स्वतःहून खेळ थांबवायची मुभा नियम ५.७ देतो. एकच लांब भोंगा वाजला तर पुढचा फटका मारूच नका, मारल्यास स्पर्धेतून बाद व्हाल. क्लबहाउस किंवा बंद गाडी गाठा आणि शेवटच्या गडगडाटानंतर निदान ३० मिनिटं आतच थांबा.